आईचा पगार अडवलाय. देवाकडे न्याय मागायचा म्हणजे काय करायचं?

सीनाकाठ

सगळ्यांना सलाम. इथे ख्रिस्ती वाचक थोडेच आहेत याची कल्पना आहे. तरी लिहितो, कारण आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, हा विषय निघाला की सगळे प्रार्थनेला उभे राहतात आणि बोलणं तिथेच संपतं.

माझी आई विधवा आहे. नगर जिल्ह्यातल्या एका खासगी संस्थेच्या वसतिगृहात तिने वीस वर्षांहून जास्त स्वयंपाक केला. गुडघे गेल्यावर काम सोडलं. शेवटच्या काही महिन्यांचा पगार आणि ग्रॅच्युइटी, दोन्ही अजून मिळालेलं नाही. संस्थेचे कारभारी आमच्याच मंडळीतले. रविवारी उपासनेला पुढच्या बाकावर असतात, आईला आदराने सलाम करतात. पैशांचं विचारलं की म्हणतात, "बाई, प्रार्थनेत ठेवा, प्रभू मार्ग काढील."

आई कामगार कार्यालयात जाणार हे कळल्यावर पास्टरेट कमिटीतले, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीतले, दोघं घरी आले. बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय (१ करिंथ ६) वाचला. विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्यावर फिर्याद करू नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा, असं समजावलं, प्रार्थना केली, चहा घेतला आणि गेले. आई एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून ती रात्री जेवणानंतर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं ३५ आणि १०९ वं स्तोत्र मोठ्याने वाचते. ज्यांनी १०९ वाचलंय त्यांना माहीत असेल, त्यात सरळ शाप आहेत. त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचा हुद्दा दुसऱ्याला मिळो, सावकार त्याचं सगळं घेवो. मुलंबाळं अनाथ होवोत, दारोदार भीक मागोत, ही वचनं आली की आई ती सोडून पुढे जाते. मी कारण विचारलं. म्हणाली, "त्यांच्या पोरांनी माझ्या हातचं खाल्लंय रे."

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एखाद्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून असं स्तोत्र वाचणं योग्य आहे का? आणि न्याय देवाकडे मागितला की तो माणसांकडे मागायचा नाही, असं शास्त्रात खरंच कुठे आहे का?

---

देवगडी

मी ख्रिस्ती नाही, पण तुमच्या आईंचं वाचताना आमच्या गावचं देऊळ आठवलं. आमच्याकडे ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात. सगळा गाव ऐकत असतो. 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात होते आणि मग जे काही आडवं आलं असेल ते उघडपणे सांगायचं: कोणी वाईट चिंतलं असेल, कोणी वाट अडवली असेल. प्रत्येक वाक्यावर मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तुमच्यात असं सगळ्यांसमोर गाऱ्हाणं घालायची रीत आहे का, की ते घरात एकट्यानेच करायचं?

---

जुना पिंपळ

सलाम, सीनाकाठ. मी निवृत्त पाळक आहे. कमिटीतल्या भावांनी वाचलेला अध्याय मीही अनेक घरांत वाचलेला आहे, म्हणून त्याविषयी आधी लिहितो.

१ करिंथ ६ मध्ये पौल फिर्यादीबद्दल बोलतो हे खरं. पण तो अध्याय सुरुवातीपासून आठव्या वचनापर्यंत सलग वाचा. पाचव्या वचनात तो मंडळीलाच लाजवतो. भावाभावांतला वाद मिटवू शकेल असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का, असं विचारतो. म्हणजे न्याय करण्याचं काम तो आधी मंडळीवर टाकतो. सातव्यात म्हणतो की त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, नुकसान का सोसत नाही. तुमच्याकडचं वाचन बहुतेक इथे थांबलं असणार. आठव्यात तो उलट्या बाजूकडे वळतो: तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता, आणि तेही भावांना. नवव्यात सांगतो की अन्याय करणाऱ्यांना देवाच्या राज्याचं वतन मिळणार नाही. हे आठवं-नववं वचन घेऊन कमिटी कारभाऱ्यांच्या घरी गेली का? गेली नसेल तर पौलाने सांगितलेलं अर्धं कामच तिने केलं, आणि तेही चुकीच्या दारात.

याच पौलाला फिलिप्पै शहरात चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की गुपचूप निघून जा. पौलाने नकार दिला. आम्ही रोमी नागरिक आहोत, चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्या, असं त्याने कळवलं आणि ते आले (प्रेषितांची कृत्ये १६). त्या रात्री तुरुंगात तो आणि त्याचा सोबती सीला प्रार्थना करत होते, गीतं गात होते. पुढे फेस्त या रोमी सुभेदारापुढे उभा असताना त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली (२५:११). प्रार्थना केली म्हणून त्याने आपला कायदेशीर हक्क सोडलेला दिसत नाही.

आणखी एक. संस्था ही नोंदणी झालेली मालक आहे आणि आई कामगार. मजुरीचा प्रश्न दोन भावांच्या खासगी तंट्यासारखा वागवता येत नाही. मजुरीविषयी शास्त्र वेगळं आणि फार कडक बोलतं. जुन्या करारातलं अनुवाद हे पुस्तक, २४:१४-१५ उघडा. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी दे, कारण त्याचा जीव त्यावर टांगलेला असतो. नाहीतर तो तुझ्याविरुद्ध परमेश्वराचा धावा करील आणि तुला पाप लागेल. तुमची आई रात्री जे करते आहे ते मोशेच्या नियमशास्त्रात असं लिहून ठेवलेलं आहे.

---

शांतिसलाम

सर्वांचा मान ठेवून वेगळं मत मांडते. माझ्या वडिलांची शेतजमीन भाऊबंदांनी लाटली. वडील आयुष्यभर कोर्टात गेले आणि मनानेही कोर्टातच राहिले. जेवताना, उपासनेला जाताना, कुठेही तोच विषय. शेवटी माझ्या आईने देवापुढे सगळं सोडून दिलं, आणि घरात शांती आली ती तिच्यामुळे. रोमकरांस पत्र १२:१९ सांगतं की सूड उगवू नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या. प्रभूने वधस्तंभावर मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. मला वाटतं १०९ वाचण्याने त्या माउलीच्या मनात कडवटपणा साचेल. पैसे मिळाले तरी तो जाणार नाही. तिच्यासाठी मी आज रात्री प्रार्थना करणार आहे, हे मनापासून सांगते.

---

वसईवाली

शांतिसलाम ताई, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण १०९ बद्दल थोडं लिहिते.

आम्ही कॅथोलिक. आमच्यात धर्मगुरू आणि मठवासिनी रोज ठरलेल्या वेळी स्तोत्रांची प्रार्थना म्हणतात. व्हॅटिकन परिषदेनंतर, पोप सहावे पॉल यांच्या काळात, १९७१ साली जी नवी प्रार्थना-मांडणी आली तिच्यातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्णच वगळली, शिवाय इतर काही स्तोत्रांतली शापाची वचनंही. म्हणजे ताईंना जी भीती वाटते तीच रोमलाही वाटली होती. तरी ती बायबलमधून काही गेली नाहीत. नव्या करारात पेत्र याच १०९ मधलं 'त्याचा हुद्दा दुसरा घेवो' हे वचन येशूला धरून देणाऱ्या यहूदाविषयी वापरतो.

माझं स्वतःचं मत असं की ती वगळून आमचं नुकसान झालं. ज्याला कोणी लुटलेलं नाही त्याला ही स्तोत्रं खुपतात. ज्याला लुटलंय त्याच्याजवळ दुसरे शब्द नसतात. १०९ कसं सुरू होतं पाहा: मी प्रेम केलं त्याबद्दल ते माझे वैरी झाले, मी तर प्रार्थनाच करत राहतो. आणि शेवट असा की परमेश्वर कंगालाच्या उजव्या हाताशी उभा राहतो, त्याला दोषी ठरवणाऱ्यांपासून सोडवायला. मधले शाप कितीही भयंकर असले तरी ते देवाच्या कानात घातलेले आहेत. बोलणाऱ्याने हातात दगड घेतलेला नाही. राग देवाजवळ ओकून टाकला म्हणून हात मोकळे राहिले. रोम १२ मधलं 'देवाच्या क्रोधाला वाट द्या' हे मला तरी याहून वेगळं वाटत नाही.

आणि सीनाकाठ, तुमच्या आईने मुलांवरची वचनं सोडली, त्यावर मी खूप वेळ विचार करत बसले. ज्यांनी तीन स्तोत्रं वगळली त्यांच्यापेक्षा तुमच्या आईची निवड मला जास्त नेमकी वाटते. तिला हिशोब त्या माणसाकडून हवाय, त्याच्या पोरांकडून नको.

देवगडी, आमच्याकडे मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, सगळ्यांसमोर विनंत्या केल्या जातात. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना (मरियामातेची खास प्रार्थना) होते, तिथे लोक आपली मागणी चिठ्ठीवर लिहून देतात. ख्रिस्ती नसलेलेही रांगेत असतात. पण त्या मागण्यांत आजार, नोकरी, लग्न, परीक्षा फार. 'अमक्याने माझे पैसे दाबलेत' असं कोणी सहसा मोठ्याने सांगत नाही. तुमच्या 'व्हय म्हाराजा'सारखं सगळ्यांनी मिळून त्याला होकार देणं आमच्यात कमी पडलंय खरं.

---

रोखठोक

मी निरीश्वरवादी आहे. कोणाला दुखवायचं नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. मालक देवाचं नाव घेतो, कमिटी देवाचं नाव घेते, आणि म्हातारी बाई रात्री स्तोत्रं वाचत बसते. तिच्या वाचनाचा त्रास नेमका कोणाला होतोय? पैसे दाबणाऱ्याला तर ती कामगार कार्यालयाऐवजी घरी प्रार्थनेत असणं सोयीचंच आहे. 'देवावर सोपव' हे वाक्य या देशात नेहमी खालच्या माणसालाच ऐकवलं गेलंय. माझा आक्षेप तुमच्या आईंवर नाही, त्या वाक्यावर आहे.

---

सीनाकाठ

रोखठोक, तुमचा प्रश्न माझाही आहे. म्हणूनच धागा काढला.

एक मात्र सांगतो. आमचे पूर्वज महार. पणजोबांच्या काळी नगरकडच्या मिशनमध्ये आले. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. नंतर १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. सुप्रीम कोर्टात २००४ पासून अर्ज पडून आहे. दर १० ऑगस्टला देशभरातल्या अनेक मंडळ्या काळा दिवस पाळतात. काळ्या फिती लावून मोर्चा काढतात, धरणं धरतात, निवेदन देतात आणि प्रार्थनाही करतात. लहानपणी मी वडिलांचा हात धरून अशा मोर्चात गेलोय. तिथे प्रार्थना करणाऱ्यांनीच घोषणा दिल्या होत्या. त्यामुळे प्रार्थना माणसाला गप्पच करते असं मला म्हणता येत नाही. पण आमच्या घरी त्या दिवशी जी प्रार्थना झाली, तिने आईला गप्प केलं. सरकारकडे न्याय मागताना आम्ही सगळे एकत्र असतो. पुढच्या बाकावरच्या माणसाकडे मागायची वेळ आली की प्रत्येक जण एकटा पडतो.

---

लाइपझिगहून

रोखठोक, "त्रास कोणाला होतोय" याचं एक उत्तर मी राहतो त्या शहरात आहे. इथल्या निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना सुरू झाली. तेव्हा पूर्व जर्मनीत कम्युनिस्ट राजवट होती. सुरुवातीला मोजकी माणसं यायची. पुढे पुढे सरकारला या प्रार्थनेची इतकी धास्ती वाटू लागली की ९ ऑक्टोबर १९८९ ला पक्षाच्या लोकांना आधीच पाठवून चर्चमधले बाक अडवले गेले. ते बसले आणि त्यांनाही तीच प्रार्थना ऐकावी लागली. त्या संध्याकाळी चर्चमधून निघालेले लोक बाहेरच्या गर्दीत मिसळले. सुमारे ७० हजार माणसं रस्त्यावर होती, अनेकांच्या हातात मेणबत्त्या. पोलीस आणि सशस्त्र दलं तयार उभी होती, पण गोळी चालली नाही. बरोबर महिन्याने, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली.

केवळ प्रार्थनेने भिंत पडली असं मी म्हणत नाही. त्यामागे अर्थकारण होतं, मॉस्कोतला बदल होता, देश सोडून जाणारी माणसं होती. पण एकत्र जमायला, मोठ्याने बोलायला आणि हात न उचलता बाहेर पडायला लोक शिकले ते त्या सोमवारी. चर्चचे दरवाजे सर्वांना उघडे होते, न मानणाऱ्यांनाही.

---

केडगाव स्टेशन

लाइपझिगपर्यंत जायला नको, दौंडजवळचं केडगाव पुरे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना किती चालायची हे सर्वांना ठाऊक आहे. १९०५ च्या धार्मिक जागृतीत तिथल्या मुली रात्र-रात्र प्रार्थनेत होत्या. त्या सगळ्यात रमाबाईंचा सार्वजनिक बाणा लोक विसरतात. १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला ज्या थोड्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून गेल्या त्यांत त्या होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली वाचवून आणल्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग असताना सरकारी प्लेग व्यवस्थेत बायकांची जी अवस्था होत होती त्यावर त्यांनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती वृत्तपत्रात नाव घालून पत्र लिहिलं. ते प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेलं. सरकारने आरोप फेटाळले. रमाबाई मागे हटल्या नाहीत.

एक विधवा, ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या राज्यात, ख्रिस्ती वृत्तपत्रातून, त्याच राज्यकर्त्यांविरुद्ध लिहिते. 'आपल्याच लोकांविरुद्ध कसं जायचं' या प्रश्नाचं उत्तर मराठी मंडळीत एवढं जुनं आहे.

---

जुना पिंपळ

शांतिसलाम बाई, तुमच्या आईने सोडून दिलं ते मोठं आहे, मी ते जराही कमी लेखत नाही. पण ते तिने स्वतः सोडलं. दुसऱ्याने तिच्याकडून सोडवून घेतलं नाही. क्षमा करण्याचा अधिकार ज्याचं गेलं त्याचा. ज्याच्याकडे बाकी आहे तो माणूस किंवा त्याचे मित्र क्षमेची मागणी घेऊन येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

जक्कय आठवा, तो श्रीमंत जकातदार. लूक १९. प्रभू त्याच्या घरी उतरतो, आणि जक्कय उभा राहून सांगतो की माझं अर्धं धन दरिद्र्यांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. आज या घराला तारण झालं आहे, हे प्रभू त्यानंतर म्हणतो. गणना ५ मध्येही तेच. पाप कबूल कर, घेतलेलं पूर्ण परत कर, वर पाचवा हिस्सा घाल. परतफेड न करता क्षमा पदरात पाडून घेण्याची सोय मला शास्त्रात सापडलेली नाही. माणूस मनातून क्षमा करूनही आपली मजुरी मागू शकतो. ती मागितली तर समोरच्यावर उपकारच होतात, कारण न मागता तो त्याच पापात राहणार आहे.

आता विधवा आणि न्यायाधीश, लूक १८. प्रभूने हा दृष्टान्त सर्वदा प्रार्थना करावी आणि खचू नये म्हणून सांगितला, हे पहिल्याच वचनात आहे. आणि दाखला कसला दिला? देवळात गुडघे टेकलेल्या बाईचा दिला नाही. ती न्यायाधीशाकडे खेटे घालते. तो देवाला भीत नाही, माणसाची पर्वा करत नाही. ती एकच मागते, माझ्या प्रतिवादीविरुद्ध मला न्याय द्या. शेवटी तो कंटाळून देतो, ही बाई येऊन येऊन मला बेजार करील म्हणून. मग प्रभू म्हणतो, असा माणूससुद्धा देतो तर रात्रंदिवस धावा करणाऱ्या आपल्या निवडलेल्यांचा न्याय देव करणार नाही का? प्रार्थना कशी असावी हे शिकवायला येशूला कचेरीच्या दारात उभी असलेली बाई योग्य वाटली. मी एवढी वर्षं उपदेश केले, पण या दृष्टान्ताइतकं धीर देणारं दुसरं काही मला मिळालं नाही.

उपासनेबद्दलही लिहितो, कारण प्रश्न पुढच्या बाकाचा आहे. आमोसाच्या पाचव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो की तुमचे उत्सव मला आवडत नाहीत, तुमच्या गाण्यांचा गलबला दूर करा, न्याय पाण्याप्रमाणे वाहू द्या. यशया ५८ मध्ये लोक तक्रार करतात की आम्ही उपास केला, तू पाहत का नाहीस? उत्तर मिळतं: उपासाच्या दिवशीसुद्धा तुम्ही आपल्या मजुरांना पिळता. आणि प्रभूने डोंगरावर सांगितलं की वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर (मत्तय ५:२३-२४). तिथून उठून जायला सांगितलंय ते देणेकऱ्याला. आई आपल्या जागेवर बसू शकते. उठायचं कारभाऱ्यांनी आहे.

---

रोखठोक

पाळकसाहेब, हे असं मी कधी ऐकलं नव्हतं. देव आहे की नाही यावरचं माझं मत तेच आहे, पण तुमच्या शास्त्रातल्या विधवेच्या बाजूने मी उभा आहे.

---

शांतिसलाम

जक्कयाबद्दल पटलं. 'सोडवून घेणं' हेही पटलं. आमच्या घरी शेवटी भाऊबंदच समेटाची प्रार्थना ठेवायला आले होते, जमीन तशीच ठेवून. त्या दिवशी आई आत स्वयंपाकघरात होती, बाहेर आली नाही. त्याचा अर्थ मी आज वेगळा लावतेय.

तरी एक सांगते आणि ते मागे घेणार नाही. आईंसोबत कोणीतरी बसून वाचा. एकटीने रोज रात्री १०९ नको. सोबत १३ वाचा. 'किती काळ' असं त्यात चारदा विचारलंय, आणि शेवटी गाणं आहे.

---

वसईवाली

ताई, सोबत बसण्याचं अगदी खरं. ८८ सुद्धा ठेवा. त्याचा शेवट अंधारातच होतो, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. काही रात्री गाणं येत नाही.

आमच्या भागाचं सांगायचं तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, बायबलचं मराठीत भाषांतर केलं, हे सर्वांना माहीत आहे. वसईत मात्र लोक त्यांना हरित वसई संरक्षण समितीमुळे ओळखतात. बिल्डर आणि गुंडांची दहशत होती तेव्हा या धर्मगुरूने जमिनीसाठी, पाण्यासाठी लोकांना उभं केलं. मिस्सा अर्पण करणारा आणि मोर्चाच्या पुढे चालणारा माणूस एकच होता. रोज संध्याकाळी आम्ही मरियेचं स्तोत्र म्हणतो. अधिपतींना आसनावरून ओढून काढलं, भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केलं, धनवानांना रिकामं लावून दिलं. ते नुसतं ओठांवर ठेवायचं नसतं, हे त्यांच्याकडे पाहून कळायचं.

---

अर्जदार

मी कामगारांच्या कामात आहे, धर्मावर बोलत नाही. ग्रॅच्युइटी ही मालकाची मेहेरबानी नाही. १९७२ च्या कायद्यापासून तो हक्क आहे आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि सलग पाच वर्षं सेवा झाली असेल तर मिळते. शिक्षण संस्थांनाही लागू आहे. ढोबळ हिशोब: शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. ३० दिवसांत दिली नाही तर पुढे व्याज लागतं. उशीर झाला म्हणून हक्क आपोआप बुडत नाही, योग्य कारण दिलं तर उशीर माफ होतो.

आधी संस्थेला लेखी मागणी करा. मग सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज कुठे द्यायचा ते विचारा. नेमणुकीचं पत्र नसलं तरी घाबरू नका. पगाराची वही, पीएफची पावती, बँकेचं पासबुक, वसतिगृहाचे जुने फोटो, सोबत काम केलेल्या बायकांचे जबाब, जे मिळेल ते गोळा करा.

---

सीनाकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला हा पूर्ण धागा वाचून दाखवला. रमाबाईंच्या पत्राचं तिने पुन्हा वाचायला लावलं. लूक १८ तर तिला पाठच आहे, पण ती बाई कचेरीत उभी होती हे कोणी असं सांगितलं नव्हतं म्हणाली.

आईने ठरवलेलं असं. आधी मत्तय १८ प्रमाणे कारभाऱ्यांना एकटीने भेटणार. ते तिने पूर्वी केलंय, तरी पुन्हा एकदा. ऐकलं नाही तर दोघा-तिघांना सोबत घेऊन, लेखी हिशोब देऊन. तरीही नाही तर मंडळीपुढे, आणि त्याच आठवड्यात कामगार कार्यालयात. कमिटीला हे आधीच कळवणार आहे, लपून काही करायचं नाही म्हणते. वसतिगृहात तिच्यासोबत भांडी घासणाऱ्या दोन बायकांचेही पैसे राहिलेत हे आता बोलता बोलता निघालं. त्या ख्रिस्ती नाहीत. त्यांनाही सोबत घेणार आहे. रात्रीच्या वाचनाला त्या दोघीही येणार म्हणाल्यात. कुठलं वाचायचं ते आई ठरवेल.

पाळकसाहेब, दुसऱ्या भेटीला साक्षीदार म्हणून तुम्ही याल का, असं आईने विचारायला सांगितलंय. तुम्ही आमच्या मंडळीचे नाही, म्हणून बरं पडेल.

---

जुना पिंपळ

येईन. बाईंना सलाम सांगा. तारीख कळवा, आणि कमिटीला द्यायचं पत्र मला आधी पाठवा. त्यात वचनं कमी आणि आकडे जास्त ठेवू. याकोब ५:४ एवढं एकच पुरे: अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती आरोळी सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे.

---

अर्जदार

त्या दोघींचे अर्ज वेगवेगळे करा, एकाच कागदावर तिघींच्या सह्या नकोत. आणि संस्थेला जे पत्र द्याल त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्क्यासह पोच घ्या. घेतलं नाही तर त्याच दिवशी पोचपावतीच्या पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.